कानशीखाली गेलेले तीन ग्रॅम

सदू, जरा जवळ सरकून बस. लांबून बोलायचं माझं वय राहिलं नाही, घसा बसतो. आणि आधी हे सांग, मोठ्या बहिणीला न विचारता निघून जायची ही कुठली पद्धत? लहानपणी पलीकडच्या गल्लीत गोट्या खेळायला जायचास तरी दारातून ओरडायचास, आक्का जातो गं. ह्या वेळी तेवढंही नाही. त्या दिवशी सकाळी तुझ्या बायकोचा, शालनचा फोन आला आणि मी हातातली साखळी तशीच टाकून रिक्षात बसले. येऊन बघते तर तू भिंतीकडं तोंड करून निजलेला. रुसलास की असाच निजायचास.

परवा तेरावं झालं. माणसं आली, बोलून गेली. फौंड्रीतले तुझे जोडीदार म्हणाले, असा फिटर शिरोलीत पुन्हा व्हायचा नाही. सगळे चांगलंच बोलले. मी खाली मान घालून पंगतीला पाणी वाढत होते. मला तुझं चांगलं सांगता येईना, कारण तोंड उघडलं असतं तर आधी माझं वाईट बाहेर आलं असतं. तेच आज सांगायला बसले आहे. तुला ते माहीत आहे रे. तीन वर्षं माहीत होतं. पण तुला माहीत असणं निराळं आणि मी माझ्या तोंडानं म्हणणं निराळं.

रिटायर झाल्यावर तू आठ दिवससुद्धा घरात धड बसला नाहीस. हायस्कूलच्या मागच्या मैदानावर पोरी तिरंदाजी शिकायच्या. त्यांच्या सरांनी तुला एक मोडका स्टँड जोडायला बोलावलं आणि तू तिथलाच झालास. ती चाकांची धनुष्यं, कंपाउंड म्हणतात ती. वरच्या पात्याच्या टोकाला एक चाक, खालच्या पात्याच्या टोकाला एक, मधून दोऱ्या. तू घरी येऊन मला हातवारे करून सांगत होतास. "आक्का, ही मशीन हाय मशीन. धनुष्य नुसतं नावाला." पाती दाबून दोरी बदलायला जो शिकंजा लागतो, तो तू भंगारातल्या जॅकपासून घरीच केलास. मग काय, लांबलांबच्या पोरींचे बाप धनुष्य घेऊन तुझ्या शेडच्या दारात. गारगोटीच्या एका शाळेनंसुद्धा विचारलं होतं, आमच्या मुलांची धनुष्यं लावून द्याल का म्हणून. तू मला तीनदा फोन करून तेच सांगितलंस, दर वेळी नव्यानं.

आणि रविवारी सकाळी बाणांचा डबा घेऊन हुपरीला माझ्याकडं. आमच्या गावात घरोघरी चांदीचं काम. चाळीस वर्षं मी पैंजणाच्या कड्या जोडते, त्यामुळं काटा असा की डोक्यावरचा केस ठेवला तरी आकडा हलतो. तू एकेक बाण काट्यावर ठेवायचास, मी चष्मा सारून आकडा वाचायची. बारा बाण एका वजनाचे झाले पाहिजेत हा तुझा हट्ट. मागची पिसं मी चिकटवायची, कारण तुझी बोटं फिटरची, जाड. त्या वेळी तू मला एकदा म्हणालास, आक्का, चिमट्याला असा हात मी सगळ्या फौंड्रीत बघितला न्हाय. तू स्तुती करणारा माणूस नव्हेस. मी ते वाक्य दोन दिवस मनात घोळवलं. माझी शाळा चौथीला सुटली, मला हाताबद्दल चांगलं बोलणारा तू एकटाच होतास. हे तुला सांगायचं राहिलं, ते आधी सांगून टाकते.

आपलं भांडण एकच. मी म्हणायची, हलका बाण जोरात जाणार, ह्यात शिकायचं काय आहे? तू म्हणायचास, जोरात जाईल, पण धनुष्याचा जोर घेऊन जाणार नाही. मला ते पटायचं नाही. मग एकदा तू चहाबरोबर ठेवलेल्या भडंगातला कुरमुऱ्याचा एक दाणा माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, अंगात असंल तेवढा जोर लावून फेक. मी फेकला. दाणा चार पावलांवर पडला आणि खांद्यात अशी कळ आली की मी मटकन बसले. मग तू सुपारी दिलीस. ती कुंपणापलीकडं गेली आणि खांद्याला पत्तासुद्धा लागला नाही.

"हात दोन्ही टायमाला तेवढाच फिरला की," तू म्हणालास. "दाण्यानं तुझा जोर घेतलाच न्हाय. मग त्यो गेला कुठं? खांद्यात. धनुष्याचं तसंच हाय आक्का. हलका बाण पळतो, पण जोर पात्यात सोडून पळतो. त्यो पात्यात थरथरतो, आवाज करतो आणि एक दिवस पातं फोडतो."

मी वरवंट्याकडं बोट दाखवून विचारलं, मग तो फेकू का? तू हसलास. म्हणालास, त्यो जोर सगळा घील, पण तुझ्याच पायावर पडंल. वजन वाढवत गेलं की बाण हळू होतो, खाली पडतो. घटवत गेलं की धनुष्याला मार बसतो. मधली जागा शोधायची, एवढंच माझं काम.

सरांकडं ते स्पीडचं मशीन होतं, त्यातून बाण सोडला की आकडा दिसतो. पोरी त्या आकड्यावर भाळायच्या. तू त्यांना सांगायचास, आकडा बघू नका, आवाज ऐका. बरोबर वजनाचा बाण सुटला की धनुष्य धप् करून गप्प बसतं. हलका सुटला की ते भांडं पडल्यासारखं वाजतं. जो जोर बाणात जायचा, तो तुमच्या कानात आला म्हणून समजा. मी बाजूला बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, रिटायर झाला तरी ह्याचं मशीन सुटलं नाही.

आता समूचं. समू म्हणजे माझ्या थोरल्याची समृद्धी, तुला ती मामाआजोबा म्हणायची. तीन वर्षांपूर्वी तिची निवड चाचणी होती. पन्नास मीटरवर मारायचं. तिच्या धनुष्याची ताकद बेताची, बाण जाता जाता खाली यायचा, म्हणून नेम धरायची साईट खाली सरकवत सरकवत ती शेवटच्या रेघेवर आली होती. त्याच्या खाली सरकवली की बाणाची पिसं साईटला घासायची. पोरगी रडकुंडीला आली. तू नवी दोरी घातलीस, जरा फरक पडला, पुरेसा नाही. ती म्हणाली, बाण हलके करा ना. तू सरळ नाही म्हणालास. ह्या धनुष्याला सोळा ग्रॅमच्या खालचा बाण चालत न्हाय, तो सोडला म्हणजे रिकामी दोरी सोडल्यासारखं हाय, आणि रिकामी दोरी सोडली की धनुष्य संपलं. ह्या वर्षी न्हाय झालं तर पुढच्या वर्षी. दंडात ताकद येऊ दे, मग धनुष्याचा जोर वाढवू. एवढं बोलून तू काजूच्या हंगामाला लेकीकडं चंदगडला गेलास.

समू माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली रे. पुढचं वर्ष म्हणजे तिला शंभर वर्षं वाटत होती. आणि माझ्या हातात काटा होता, चिमटा होता, कानस होती.

मी काय विचार केला ते ऐक, हसू नकोस. आमच्या धंद्यात कुणीही आकडा सांगितला की त्यात थोडी सूट धरलेली असते. चांदी गाळताना वजनात घट किती येणार विचारलं की कारागीर जास्तच सांगतो, म्हणजे अंगावर यायला नको. चाळीस वर्षं मी सांगितलेल्या आकड्यातून थोडं वजा करूनच जगले. मला वाटलं, सदू सोळा म्हणतोय म्हणजे पंधरा चालतंय. तू फिटर होतास, तुझा सोळा म्हणजे सोळा असतो, हे मला कळायला पाहिजे होतं. साठाच्या वर वर्षं ओळखत होते तुला.

अठरा ग्रॅम आणि वर थोडे, एवढा बाण होता. तू शिकवल्याप्रमाणे टोक गरम पाण्यात धरून डिंक सोडवला. बाणाच्या नळीच्या आत जाणारी टोकाची दांडी असते, तिचा तुकडा मोडता यावा म्हणून तिला खाचा असतात. तिथून मी ती चिमट्यानं मोडली. तेवढ्यानं भागेना, म्हणून उरलेली दांडी कानशीनं घासली. बाराच्या बारा. दोन दुपारी गेल्या. कीस पाटावर पडत होता आणि मला वाटत होतं, काय सुंदर हात चाललाय. पंधरा ग्रॅमवर सगळे बाण आणून ठेवले, एकात फरक नाही. बाहेरून टोक तसंच दिसत होतं. डोळ्यांना काही कळणार नव्हतं.

समू तुझ्याशिवाय कुणाला बाणांना हात लावू देत नव्हती. म्हणून मी तिला सांगितलं, मामाआजोबांनीच जाताना टोकं बदलून ठेवलीत. इतकं सहज सांगितलं. भाजीत मीठ टाकावं तसं.

दुसऱ्या दिवशी स्पीडच्या मशीनवर आकडा वीस-एकवीसनं चढला. साईट वर आली. समू उड्या मारत घरी आली. सरसुद्धा म्हणाले म्हणे, मामांचा हात लागला की फरक पडतोच. मी भाकरी थापत होते. माझी मान ताठ झाली, सदू. मनात म्हटलं, आता येऊ दे चंदगडहून, दाखवते त्याला हलका बाण काय करतो ते.

चाचणीच्या सकाळी तू एसटीनं आलास आणि स्टँडवरून घरी न जाता तडक मैदानावर आलास. पोरी ओळीनं उभ्या होत्या. मी बाकावर डबा घेऊन बसले होते. समूनं पहिला बाण सोडला. तू त्या वेळी फाटकात होतास, मी बघत होते तुला. हात वर करून हाक मारायला निघालेला तू जागेवर थांबलास. मान वाकडी करून ऐकलंस. दुसरा बाण सुटला, आणि तू पिशवी तिथंच टाकून पळायला लागलास. चौसष्ट वर्षांचा माणूस, एक चप्पल मागं राहिली. "समू, थांब. सोडू नकोस," ओरडत होतास. पोरी चमकून बघायला लागल्या. समूच्या कानात शब्द शिरले नाहीत, आवाजानं मान तेवढी किंचित वळली. तिसऱ्या बाणाला वरचं पातं फुटलं.

तिच्या मनगटाला ओरखडा आला, तेवढ्यावर भागलं. देवाचे उपकार म्हणू की तुझे, कळत नाही, कारण तू ओरडलास तेव्हा तिनं मान किंचित वळवली होती, नाहीतर पात्याचं उडालेलं कुसळ डोळ्यात गेलं असतं. चाचणी गेली. धनुष्य मैदानाचं, सरांच्या ताब्यातलं. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, गेल्या आठवड्यात ह्याला हात कुणी लावला?

समू रडत होती. तिनं तिला माहीत होतं तेच सांगितलं. "मामाआजोबांनी दोरी बदलली सर. आणि बाणांची टोकंपण त्यांनीच बदलली."

तू तेव्हा माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. विचारल्यासारखं बघितलंस. मी उठायला पाहिजे होतं. डबा बाजूला ठेवून दोन शब्द बोलायचे होते, एवढंच. मी डब्याचं झाकण लावत बसले. ते लागलेलंच होतं.

"व्हय सर," तू म्हणालास. "माझ्याच हातनं चुकलं."

दुसऱ्या दिवशी तू माझ्याकडं आलास. मी चहा टाकायला आत गेले, तर मागं काट्याचा पी करून आवाज झाला. मी दारातून बघितलं. तुझ्या पुढ्यात काटा, काट्यावर समूचा बाण. तू आकडा बघितलास. बाण उचलून पिशवीत ठेवलास. मी चहा घेऊन आले तेव्हा तू खिडकीतून बाहेर बघत होतास. किती वेळ बसलास रे त्या दिवशी. एरवी चहा झाला की उठणारा तू, त्या दिवशी रिकामी कपबशी हातात धरून बसून राहिलास. मी पावसापाण्याचं बोलले. लाडवांचं बोलले. शेवटी तू म्हणालास, आक्का, बरं मग, निघतो. आता कळतंय की तू मला सांगायला आला नव्हतास, माझ्याकडून ऐकायला आला होतास.

मग काय झालं ते तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण मी बघत होते हे तुला माहीत नाही. पोरींचे बाप धनुष्यं घेऊन पुण्याला जायला लागले. गारगोटीचा फोन आला नाही. सर तुला नमस्कार करायचे, खुर्ची द्यायचे, पण धनुष्य हातात द्यायचे नाहीत. तू तरी रोज मैदानावर जायचास आणि कुंपणाजवळ उभा राहून नुसतं ऐकायचास. एकदा मी रिक्षातून जाताना बघितलं. एका पोरीचा बाण सुटला आणि तुझी मान वाकडी झाली. तू दोन पावलं पुढं गेलास, मग मागं आलास. मी रिक्षावाल्याला म्हटलं, चल बाबा लवकर.

तीन वर्षांत मी काय कमी कारणं काढली? सून बोलेल. समूचं मन मोडेल. सदू मोठ्या मनाचा आहे, विसरला असेल. दिवाळी होऊ दे, मग सांगू. भाऊबीजेला तुला ओवाळताना दोनदा माझ्या ओठांवर आलं होतं. तू ताटात ओवाळणी टाकून म्हणालास, आक्का, तब्येत जप. मी म्हटलं, तूपण. पोटात एवढं मोठं असताना माणसं असली बोलणी करतात, ह्याची मला लाज वाटते सदू. कानशीनं घासल्याची वाटते त्यापेक्षा जास्त. घासलं ते मायेनं घासलं, अडाणीपणानं घासलं. गप्प बसले ते मात्र सगळं कळून.

तेराव्याच्या संध्याकाळी भांडी आवरून झाल्यावर शालन माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "वन्सं, एक विचारू? त्या दिवशी ह्यांच्या हातनं नेमकं काय चुकलं हो? मी लय वेळा विचारलं. बोललेच न्हाईत."

तुझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतंस. तिच्या लेखी तिचा नवरा कामात चुकलेला माणूस म्हणून गेला.

मग मी सांगितलं. सगळं. पाण्यात धरलेलं टोक, घासलेली दांडी, समूला मारलेली थाप, काट्याचा आवाज. शालननं मध्ये एकदाही मला अडवलं नाही. मी रडायला लागले तर म्हणाली, रडू नका, आधी पुरं करा. पुरं केलं. बराच वेळ ती पदराची शिवण बोटानं उसवत बसली. मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? मी काय त्यांच्याकडं धनुष्य घेऊन येणार होते? मैदानावर सांगा."

काल गेले. शालन बरोबर आली, पण माझ्याशी वाटेत बोलली नाही. सर, पोरी, समू, दोघीतिघींचे बाप, सगळे होते. मी बाकावर बसून बोलणार होते, पण पाय बसू देईनात, उभ्यानंच बोलले. सरांनी वजन विचारलं, मी सांगितलं, पंधरा ग्रॅम. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, मावशी, तीन वर्षं मी मामांच्या हातात एक धनुष्य दिलं न्हाय. एवढं म्हणून ते टार्गेटच्या दिशेला निघून गेले. कुणी मला वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

समू मात्र बोलली. आता ती मोठी झाली आहे, तुझ्या खांद्याला लागली असती. "आजी, तुझं खोटं तू माझ्या तोंडानं बोललीस," एवढंच म्हणाली. कालपासून माझ्या हातचं जेवत नाही. मी समजूत काढायला गेले नाही. तिचा तो हक्क आहे.

सरांनी निघताना शालनला विचारलं, मामांचा शिकंजा मैदानावर ठेवायला द्याल का, पोरींना त्यांच्या नावानं शिकवतो. शालन म्हणाली, बघू. देईल की नाही, मला सांगता येत नाही. मी मध्ये पडले नाही.

तर असं आहे. सांगून माझं ओझं उतरलं असं खोटं नाही बोलणार आता. तुझं नाव काल साफ झालं, पण ते ऐकायला तू नव्हतास, आणि तुझ्या तीन वर्षांच्या सकाळी मी परत आणू शकत नाही. तू कुंपणाशी उभा होतास तेवढ्या सकाळी.

सदू, ये रे एकदा घरी. रविवारची वाट बघू नकोस, कामाचं निमित्त शोधू नकोस, लवकर ये. ह्या वेळी तुला बसून वाट बघायला लावणार नाही. तू चपला काढायच्या आतच, उंबऱ्यावरच सांगते.